चुका मोठ्याने सांगायच्या

शिकवायला बसले की माझा आवाज चढतो. त्याला मी काय करू? उभा जन्म शाळेत गेला. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आता बाप्ये झालीत, तरी दुकानात मी दिसले की ताठ उभी राहतात. व्हर्नाबाई व्हरांड्यात बोलली की खाली समुद्रावर ऐकू येतं, असं लोक म्हणतात. म्हणू देत. माझी एकच पद्धत होती आणि ती मी कुणासाठी बदलली नाही. उत्तर चुकलं तर खोडायचं नाही, बरोबर उत्तर काय ते लगेच बघायचंही नाही. आधी मोठ्याने सांगायचं, की मी काय धरून चालले होते आणि ते प्रश्नात कुठे दिलं होतं. मनातल्या मनात कबूल केलेली चूक परत येते. चार लोकांना ऐकू जाईल अशी सांगितली की सहसा येत नाही.

टेगन माझ्या धाकट्या भावाची, डॉयलची मुलगी. तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि त्यासाठी ती तर्काची परीक्षा द्यावी लागते, आमचं बेट सोडून ब्रिस्बेनला जाऊन, संगणकासमोर बसून. मागच्या वर्षी तिने दिली आणि आपटली. आपटणारच. त्याच हिवाळ्यात डॉयल हेडस्टोनच्या खडकांवर मासे धरायला गेला आणि परत आला नाही. लाटेने नेला. त्याची पिकअप गाडी वर गवतात उभी, किल्ली आत तशीच, मागे आमिषाची बादली. होड्या शोधून शोधून थकल्या. काही म्हणजे काही मिळालं नाही. टेगनची आई ती लहान असतानाच सिडनीला निघून गेलेली, तेव्हा पोरगी माझ्याकडे राहायला आली आणि पिकअप माझ्या शेडमध्ये.

"यंदा नाही जमलं तर मी नाद सोडते, आत्या," ती म्हणाली होती. "इथेच दुकानात गल्ल्यावर बसेन."

"बस की. तुझं गणित बघून दुकानदारच पळून जाईल."

ती हसली होती. बऱ्याच दिवसांनी हसली होती, म्हणून मला आठवतं.

दुकानात ती सकाळी आणि मग दुपारी जरा वेळ काम करायची. संध्याकाळी आम्ही व्हरांड्यात बसायचो. सरावाच्या पेपरांतले तिचे चुकलेले प्रश्न मी काढून ठेवायचे. पोरगी हुशार, पण चूक एकच, आणि तीच पुन्हा पुन्हा.

"सांग आता. काय धरून चाललीस?"

"सगळे मच्छीमार पहाटे उठतात. हा पहाटे उठतो. म्हणून हा मच्छीमार."

"आणि ते कुठे लिहिलं होतं?"

"कुठे नाही."

"मोठ्याने!"

"कुठे नाही! झालं समाधान?"

मी तिला घरातलंच उदाहरण दिलं. आमच्याकडे रस्त्यात समोरून गाडी आली की हात करायचा. ओळख असो नसो, आदल्या रात्री भांडण झालेलं असो, स्टिअरिंगवरून बोट तरी उचलायचंच. "बेटावरचा प्रत्येक माणूस हात करतो," मी म्हटलं. "वाटेत एकाने तुला हात केला. तो बेटावरचा का?"

"हो. मग कोण?"

"अगं गाढवे, विमानातून उतरलेले पाहुणेसुद्धा दोन दिवसांत शिकतात हात करायला!"

"मग सांगता येत नाही."

"हेच उत्तर. सांगता येत नाही. एवढं तुझ्या तोंडून निघत नाही म्हणून तू मार खातेस. रिकामी जागा दिसली की तुला ती भरायचीच असते, आणि तीही तुला हवं ते घालून."

ती पेन्सिलीने टेबलावर टकटक करत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत्या, काल खालच्या वळणावर बाबांच्या पिकअपमधून कुणीतरी मला हात केला."

डोकं फिरलंय का तुझं, असं मी म्हटलंच. पण ती शांतपणे सांगत होती. दुकानातून येताना, उन्हं कलायच्या आधी. तीच पांढरी पिकअप, डाव्या दाराला तोच पोचा, गवतावर उभी. समोरच्या काचेत नुसतं आभाळ दिसत होतं, त्यामुळे चेहरा दिसला नाही. स्टिअरिंगवरचं एक बोट तेवढं वर झालं.

मी तिला दंडाला धरून शेडमध्ये नेलं. पिकअप होती तिथेच. आरशापासून काचेपर्यंत कोळ्याचं जाळं, टायरांत हवा नाही.

"ही काय उभी आहे. आता बोल."

"मग तशीच दुसरी असेल."

"असेल! बेटावर पांढऱ्या पिकअप काय कमी आहेत?" व्हरांड्यात परत येताना मला रागच आला, तिचा नाही, त्या हात करणाऱ्याचा. "आणि डॉयलने जन्मात कधी एक बोट उचललंय का? तो खिडकीतून अख्खा हात बाहेर काढायचा, खांद्यापर्यंत. लोक म्हणायचे, पडेल एखाद दिवशी गाडीतून." हे सगळं मी माझ्या नेहमीच्या आवाजात बोलले.

दुसऱ्या दिवशी तिला आणायला मी स्वतः गाडी घेऊन गेले. परत येताना वळणावर ती पिकअप होती. खिडकीतून हात बाहेर आलेला होता, अख्खा, खांद्यापर्यंत, आणि सावकाश हलत होता. माझाही हात वर गेला. सवय हो, दुसरं काय! टेगनने तर दोन्ही हात हलवले.

घरी गाडी लावून मी तशीच चालत मागे गेले. वळणावर कुणी नव्हतं. गवत उभंच्या उभं होतं, एक पातं दबलेलं नव्हतं. मी शेजारच्या लेस्टरला विचारलं, रोज त्याच वेळी तो तिकडून येतो.

"वळणावर पिकअप घेऊन कोण उभं असतं रे?"

"असतं खरं कुणीतरी. मी हात केला, त्याने केला."

"पण कोण?"

"आता हात केला म्हणजे आपल्यातलाच असणार ना, बाई!"

आमच्याकडे हे असंच आहे. हात केला की माणसाची चौकशी संपली. त्या वळणावरून सगळं बेट ये-जा करत होतं आणि प्रत्येक जण त्याला हात करून जात होता.

त्या संध्याकाळी टेगनचा अभ्यासात जीव नव्हता. "ते बाबाच आहेत," ती म्हणत राहिली. "डोक्याला मार लागला असेल, काही आठवत नसेल. हळूहळू आठवतंय त्यांना. आज हात बघितलास ना?"

"बघितला. आणि बोटंही बघितली. पाचही धड होती." मी उभी राहिले. "कॅस्केडच्या धक्क्यावर जहाजाचं सामान उतरवताना तुझ्या बापाचं बोट दोरात गेलं. उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. अर्धं तुटलं. विसरलीस?"

ती नाही विसरली. खाली मान घालून रडायला लागली. मला वाईट वाटलं, पण बरंही वाटलं, की एकदाचा हा विषय मिटला.

मिटला कसला! दुसऱ्या दिवशी पिकअप वळण सोडून पुढे आली होती, आमच्या कुंपणाजवळच्या पाइनच्या झाडांखाली. हात बाहेर होता आणि अंगठ्याशेजारचं बोट अर्धं होतं. टेगन सीटवर उसळली. आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही आतून कुठेतरी आनंदाची उकळी फुटली. मी त्याला कडेवर घेऊन वाढवलाय. त्याचं नाव काय ठेवायचं हे आईने मला विचारलं होतं. तो अर्ध्या बोटाचा हात हलताना बघून मला ओरडावंसं वाटलं, अरे डॉयल, मेल्या, वर्षभर होतास कुठे?

मी ओरडले नाही. मी गाडी आवारात घातली आणि फाटकाला कुलूप लावलं.

ब्रिस्बेनचं विमान चार दिवसांवर आलं होतं. मी तिला जबरदस्तीने पेपरला बसवलं. आणि गंमत बघा, त्या दिवशी पहिल्यांदा तिचं डोकं चाललं. उलटं वाचायची तिची खोड गेली. असं असेल तर तसं होतं. तसं झालेलं नाही. म्हणून असं नाही. ओळीने सगळे प्रश्न याच वाटेने सोडवले आणि सगळे बरोबर आले. मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात तिचा चेहरा उतरला.

"आत्या, गाई," ती म्हणाली.

गाई आमच्याकडे मोकळ्या असतात. रस्ता त्यांचाच, गाडीने थांबायचं. आणि डॉयलला केळी सोलून सालं खिडकीतून गाईंना चारायची सवय होती. त्याची गाडी कुठेही थांबली की आसपासच्या गाई येऊन तिला घेरायच्या, त्याला दार उघडता यायचं नाही.

"बाबा असतील तर गाई जवळ येतात," ती एकेक शब्द मोजून म्हणाली. "आज पाइनखालच्या सगळ्या गाई रस्त्यापलीकडे जाऊन उभ्या होत्या. लांब. एकही जवळ नव्हती. म्हणून..."

"बोल. मोठ्याने."

"म्हणून ते बाबा नाहीत!" ती ओरडली आणि हुंदके देऊन रडली.

"शाब्बास!" मी म्हटलं. माझेही डोळे भरले होते. मी तिला पोटाशी धरलं, केसांवरून हात फिरवला, आणि त्या वेळी मला वाटलं की पोरगी आता परीक्षेतून पार आणि या सगळ्यातूनही पार.

दुसऱ्या दिवशी पिकअप आमच्या फाटकासमोर होती, आणि तिच्याभोवती गाई.

दहा-बारा तरी असतील. टेगनने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. "आता काय म्हणशील? आता बोल ना!" तिचा आवाज चिरकत होता. मी गाईंकडे बघत होते. सगळ्या गाडीकडे तोंड करून उभ्या होत्या, आणि एकीचाही जबडा हलत नव्हता. शेपूट नाही, कान नाही. माश्या बसत होत्या तरी कातडी थरथरत नव्हती. जन्मभर गाईंमध्ये राहिलेय मी. उभी गाय कधी इतकी गप्प नसते.

हे मी टेगनला सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हात मी सांगितला, हात सुधारला. बोट मी सांगितलं, बोट सुधारलं. गाईंचं टेगनने सांगितलं, तेही मीच सांगायला लावल्यावर. चुकलं की मोठ्याने सांगायचं! मी शिकवत होते आणि कुणीतरी शिकत होतं, टेगनपेक्षा लवकर शिकत होतं. आणि मी आता गाईंच्या जबड्यांबद्दल एक शब्द काढला असता, तर उद्या त्या रवंथ करताना दिसल्या असत्या.

त्याच क्षणी पिकअपचं अलीकडचं दार उघडलं. हळूच, आतून कुणीतरी ढकलावं तसं. डॉयल टेगनला शाळेतून घ्यायला यायचा तेव्हा असंच उघडून धरायचा. आतल्या सीटवर ओलसर अंधार होता. मी टेगनला ओढत घरात नेलं.

पुढचे दोन दिवस मी तिला फाटकाबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. दुकानात कळवलं, पोरगी आजारी आहे. खिडकीतून ती पिकअपच्या उघड्या दाराकडे बघत बसायची. पेपरांना तिने हात लावला नाही. विमानाच्या आदल्या संध्याकाळी व्हरांड्यात येऊन ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मी ब्रिस्बेनला जाणार नाही. उद्या सकाळी मी जाऊन त्यांच्याशेजारी बसणार. ते कधीचे दार उघडून थांबलेत, आत्या. मी मोठ्या दवाखान्यात कुणाकुणाला बरं करायला जाऊ आणि बापाला असं रस्त्यात ठेवू?"

"टेगन."

"तू अडवू नकोस. तू सांग, ते बाबा नाहीत कशावरून? एक गोष्ट सांग. हात आहे, बोट आहे, गाई आहेत. एक गोष्ट सांग जी चुकतेय, मी मुकाट्याने विमानात बसते."

फाटकापलीकडे पिकअपची काच पूर्ण खाली होती. आत काही हलत नव्हतं. कान टवकारून ऐकणाऱ्या वर्गात जशी शांतता असते ना, तशी होती. एक खरी गोष्ट माझ्या जिभेवर होती आणि ती मला बोलता येत नव्हती. घरात जाऊन कुजबुजले असते, तर तिथे ऐकू जात नाही हे मला कुणी सांगितलं होतं? मी टेबलाखालून टेगनचा हात धरला. गार पडला होता.

"एकच गोष्ट चुकतेय," मी म्हटलं. मुद्दाम खणखणीत आवाजात, अगदी शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं. "टोपी. तू समोर दिसलीस की डॉयल टोपी काढून छातीशी धरायचा. दर वेळी. तुझ्याखेरीज कुणासाठी त्याने ती काढली नाही. याच्याकडे टोपीच नाही."

टेगनचं तोंड उघडं पडलं. डॉयलने जन्मात टोपी घातली नव्हती. टक्कल उन्हात भाजून सालं निघायची, डॉक्टर ओरडायचे, मी ओरडायचे, वाढदिवसाला टोप्या आणून द्यायचे, त्या तो शेजाऱ्यांना वाटायचा. "पण आत्या, बाबांनी कधी..." तिने सुरुवात केली आणि मी तिचा हात दाबला. पार हाड लागेपर्यंत दाबला. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग फाटकाकडे. मग परत माझ्याकडे. तर्काच्या परीक्षेत किती गुण मिळतील ते सोडा, पण त्या मिनिटभरात माझ्या पोरीने जे ओळखलं ते मला ओळखायला चार दिवस लागले होते.

"हो की," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण मोठा होता. "टोपी. मी विसरलेच होते. बाबा असतील तर टोपी काढतील."

"काढतील."

"मग उद्या बघू," ती म्हणाली.

त्या रात्री आम्ही एका पलंगावर झोपलो. झोपलो म्हणजे आडव्या झालो. मी देवाचं नाव घेतलं आणि खरं सांगते, काय मागावं ते मला कळेना. उद्या तिथे टोपी दिसू नये, असं एकदा मागितलं. म्हणजे तो डॉयल असता. उघड्या टकलाने हसला असता, म्हणाला असता, ताई, काय बडबडत होतीस काल? मी त्याला दोन थोबाडीत दिल्या असत्या आणि त्याच्या गळ्यात पडले असते. टोपी दिसू दे, असंही मागितलं, कारण पोर माझ्या कुशीत होती.

सकाळी बॅग गाडीत टाकली. गाडी टेगन चालवणार होती. फाटक मी उघडलं, शेजारी बसले, आणि आम्ही बाहेर निघालो.

टोपी होती. खिडकीतून बाहेर आलेल्या हाताने ती धरली होती, मग सावकाश आत घेऊन छातीशी नेली. ती टोपी तरी कसली! ज्याने टोपी नुसती ऐकली आहे, कधी पाहिली नाही, त्याने केल्यासारखी. एका बाजूला काठ होता, दुसऱ्या बाजूला नव्हता, आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. पहिल्यांदाच काचेतून आभाळ सरलं होतं आणि आतलं डोकं दिसत होतं. ते आमच्याकडे वळलेलं होतं, आता तरी बरोबर ना, असं विचारत असल्यासारखं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. टेगनने बघितलं. तिने काय बघितलं ते मी आजवर विचारलेलं नाही.

तिचा हात सवयीने स्टिअरिंगवरून उठला. अर्धा वर आला. आणि मग तिने तो परत खाली ठेवला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि गाडी पुढे काढली. आमच्या बेटावर समोरच्याने हात केल्यावर कुणी असं निघून जात नाही. मी तरी कुणाला जाताना पाहिलेलं नाही.

वळण मागे पडेपर्यंत ती गाडी चालवत राहिली. मग म्हणाली, "ते बाबा नाहीत."

"नाही, बाळा."

"मग बाबा खरंच..."

"हो."

तिने गाडी कडेला घेतली आणि आम्ही दोघी रडलो. वर्षभर मी पोरीसमोर घट्ट राहिले होते, शोध अजून संपलेला नाही असं म्हणत होते, त्याचे बूट पायरीवर ठेवत होते. माझा भाऊ मेला तो त्या सकाळी. एक टोपी बघून मेला. मागून लेस्टर आला, त्याने हात केला, आम्ही दोघींनी डोळे पुसत त्याला हात केला.

विमान वेळेवर गेलं.

परीक्षा झाली त्या संध्याकाळी तिचा फोन आला. पेपर चांगला गेला म्हणाली. दोन प्रश्नांत "सांगता येत नाही" हे उत्तर होतं आणि तिने ते बेधडक निवडलं. आता निकाल लागेपर्यंत तिकडेच मैत्रिणीकडे राहते, म्हणाली. मी म्हटलं, राहा. घर खायला उठतं, ये लवकर, असं म्हणायचं होतं, ते गिळलं.

"आत्या," मग ती हळू आवाजात म्हणाली, "अजून आहे?"

मी खिडकीतून बघितलं. फाटकासमोर पिकअप होती, गाई होत्या, दार उघडं होतं. मी दिसले तशी टोपी छातीशी गेली.

"आहे. अजून टोपी काढतोय."

तिकडे गाड्यांचे आवाज येत होते.

"सांगू नकोस हं त्याला," ती म्हणाली. "चुकतोयस म्हणून. कधीच सांगू नकोस."

"नाही सांगणार," मी म्हटलं, अगदी हळू, तिलाही जेमतेम ऐकू जाईल असं.